मंडळीची वाट

(नभोवाणीवरील भाषण)



ख्रिस्ती माणसाने दर रविवारी उपासनेस गेलेच पाहिजे काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो वरवर पाहता एका समाजापुरता वाटेल. परंतु देव अंतर्यामी असताना देवळाची पायरी कशासाठी चढावयाची, हा प्रश्न मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या निघत आला आहे. तेव्हा जे ख्रिस्ती नाहीत त्यांनीही हे बोलणे परके मानू नये, अशी विनंती आहे.

माझे बालपण नगर जिल्ह्यातील पारनेर येथे गेले. सेनापती बापटांचे हे जन्मगाव. मुलूख पठारावरचा, पाऊस बेताचा, पीक ज्वारी-बाजरीचे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरास आपले ठाणे घातले आणि पुढे त्याचे काम भोवतालच्या तालुक्यांतून पसरले. आमच्या बाजूस पाच-सात ख्रिस्ती घरे असलेली गावे मी पाहिली आहेत. तेथील मंडळी म्हणजे ही पाच-सात घरेच. शहरात चारशे माणसांच्या मेळाव्यात एक आले नाही तर पाळकासही कळत नाही. परंतु अशा गावी पेटी वाजविणारा एक मुलगा पुण्यास नोकरीला गेला, की त्या दिवसापासून भजन पेटीवाचून होते. हे चित्र मनाशी धरूनच मी पुढचा विचार मांडणार आहे.

प्रथम, उपासनेस न जाणाऱ्याची बाजू ऐकून घेतली पाहिजे. ती दुबळी नाही. प्रार्थना करणे ती खोलीत जाऊन, दार लावून करावी, असे ख्रिस्तानेच सांगितले. ढोंगी पूजकांचे मेळे देवास नकोसे होतात, असे यशया आणि आमोस या संदेष्ट्यांनी त्याच्याही कित्येक शतके आधी बजाविले होते. वधस्तंभावरील ज्या चोरास ख्रिस्ताने सुखलोकाचे वचन दिले, तो कोणत्या मंडळीत बसला होता? शिवाय सक्तीचा इतिहास काही भूषणावह नाही. इंग्लंडात १५५९ च्या कायद्याने रविवारी चर्चला न येणाऱ्यास बारा पेन्स दंड असे. अशा दंडाने बाके भरली असतील. अंतःकरणे कशी भरणार?

आपल्याकडे या प्रश्नाचा सर्वांत धारदार विचार ज्यांनी केला, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि नगर जिल्ह्यातच त्यांच्या ख्रिस्ती आयुष्याचा मोठा भाग गेला. ते दीक्षित पाळक होते. त्यांची भजने गाऊन मंडळ्या वाढल्या. परंतु १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, साताऱ्यास मुक्काम हलविला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, ख्रिस्ताचा प्रत्येक शिष्य त्या दरबारात यावा, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ साली त्यांचा अंत झाला आणि दरबार अपुराच राहिला. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांना या माणसाचा स्वभाव निराळा सांगावयास नको.

टिळकांचे हे उदाहरण घरी बसणारा आपल्या बाजूने देतो. मला ते उलट दिसते. टिळकांना परकी चौकट नको होती, पगारावर पोसलेला धर्म नको होता. पण त्या चौकटीतून बाहेर पडल्यावर ते एकटे आपल्या खोलीत जाऊन बसले काय? नाही. त्यांनी दुसरा मेळावा मांडला, आणि तो पहिल्याहून मोठा असावा अशी इच्छा धरली.

पंडिता रमाबाईंचेही तेच. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लगेच, धर्माच्या बाबतीत माझ्या बुद्धीने मी ठरवीन, कोणा एका पंथाचे सर्व सिद्धांत डोळे मिटून घेणार नाही, अशा आशयाचा वाद त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या भगिनींशी मांडला. पंथाच्या अधिकाराला त्यांच्याइतके निर्भयपणे आव्हान देणारी स्त्री त्या काळी विरळाच. तरीही दौंडजवळच्या केडगावी त्यांनी अनाथ मुली आणि विधवा यांच्यासाठी मुक्तिसदन उभारले, तेव्हा सर्वांनी मिळून बसण्यास उपासनेचे मोठे मंदिरही बांधले. अधिकार नाकारणे निराळे आणि संगत नाकारणे निराळे, हा भेद या दोघांनीही आपल्या आचरणाने दाखविला आहे.

आता शास्त्राची दुसरी बाजू पाहू. खोलीचे दार लावण्यास सांगणारा ख्रिस्त स्वतः शब्बाथ दिवशी आपल्या परिपाठाप्रमाणे सभास्थानात जात असे, असे लूक लिहितो. तेथील शास्त्री त्यास पसंत होते असे नव्हे. त्यांच्याशी त्याचा उभा दावा होता. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात एकत्र मिळणे सोडू नका असे सांगितले आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे: एकमेकांस उत्तेजन यावे म्हणून. इसवी सन ११२ च्या सुमारास रोमन सुभेदार प्लिनी याने बादशहास कळविले, की हे ख्रिस्ती लोक एका ठरल्या दिवशी पहाट होण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचे गीत गातात. ज्या काळी अशा जमण्याने प्राणावर बेतत होते, त्या काळीही लोकांना घरी बसून भागत नव्हते. पुढे रोमन कॅथलिक पंथाने रविवारची मिस्सा नियमानेच बंधनकारक केली. आमच्या नगरकडील मंडळ्यांत तसा दंडक नाही. पण आपल्या पूर्वजांनी शास्त्राच्या भाषांतरात ‘मंडळी’ हा शब्द योजिला, त्यात सर्व काही आले. मंडळी म्हणजे इमारत नव्हे, माणसे. एकटा माणूस भक्त होऊ शकेल; मंडळी होऊ शकणार नाही.

आमच्या महाराष्ट्रात या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला आहे. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आले. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे थोडे ब्राह्मणही आले. १८५४ साली हे दोघे नगरच्या मंडळ्यांचे पाळक झाले. ज्यांच्या सावलीचा एकमेकांस विटाळ होत असे, त्यांनी एका सतरंजीवर बसून प्रभुभोजनाची एकच भाकर मोडावयाची, ही गोष्ट घरच्या खोलीत घडणे शक्यच नव्हते. ती मंडळीतही सहज घडली नाही. जुन्या जातींची भांडणे दाराशी चपला काढताना बाहेर राहत नाहीत, आणि आजही सर्व राहिली आहेत असे मी म्हणणार नाही. तरीही, घरी केलेली भक्ती आपणांस आपल्याच माणसांत ठेवते. मंडळी आपणांस अशा माणसाशेजारी बसविते ज्यास आपण स्वतः होऊन बोलाविले नसते.

येथे माझा स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे. शहरात राहू लागल्यावर मंडळीच्या हिशोबावरून झालेल्या एका वादात माझे मन विटले आणि मी जाणे सोडले. घरी रोज शास्त्र वाचीत असे, प्रार्थना चुकवीत नसे. पूर्वीपेक्षा शांतही वाटे. त्या मंडळीत एक वृद्ध शिक्षक होते. उपासना संपली की दाराशी थांबून ते माझ्या मुलांची चौकशी करीत. एके दिवशी बाजारात एका ओळखीच्या गृहस्थाने त्यांच्या मृत्यूची गोष्ट काढली. त्यांना जाऊन अकरा दिवस झाले होते. अखेरच्या आजारात ते माझी आठवण काढीत होते, असे मागाहून समजले. माझ्या घरच्या प्रार्थनेत उणे काही नव्हते. परंतु त्या प्रार्थनेने मला त्यांच्या खाटेपाशी नेले नाही. रविवारी गेलो असतो तर मला पहिल्याच आठवड्यात कळले असते. इतकी साधी ही गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, आता उपासना घरबसल्याही ऐकता येते. खरे आहे. लंडनच्या नभोवाणीने ६ जानेवारी १९२४ रोजी सेंट मार्टिनच्या चर्चमधील उपासना प्रथम ध्वनिक्षेपित केली, आणि अंथरुणास खिळलेल्या असंख्य माणसांना तेव्हापासून हा मोठा दिलासा झाला आहे. २०२० च्या साथीत प्रार्थनामंदिरांना कुलपे लागली तेव्हा भ्रमणध्वनीने मंडळ्या तगविल्या. या साधनाचा उपकार मी, याच साधनावरून बोलणारा, कसा विसरेन? परंतु मी आपणांस दिसत नाही आणि आपण मला दिसत नाही. आपल्यापैकी कोणाच्या डोळ्यांत पाणी आले तर मला ते कळणार नाही.

तेव्हा उत्तर असे. तारणासाठी हजेरीचे पुस्तक लागत नाही. आजारी माणूस, रात्रपाळीची परिचारिका, रविवारी बस हाकणारा चालक यांना कोणी बोल लावू नये. त्यांच्याकडे मंडळीने जावे. मंडळीत ज्याचा अपमान झाला आहे त्यास उपदेश करण्याआधी त्याची क्षमा मागावी. परंतु ज्याचे पाय धड आहेत आणि ज्यास वेळ आहे, त्याने मला तेथे काय मिळते एवढाच हिशेब करू नये. पंढरीचा वारकरी विठ्ठल घरी भेटत नाही म्हणून वारीस निघत नाही. दिंडीतील आपली जागा रिकामी राहू नये, हेही त्याच्या मनात असते.

पारनेरकडच्या त्या पाच-सात घरांत येत्या रविवारीही सतरंजी अंथरली जाईल. पुण्या-मुंबईस आलेल्या आम्हां लोकांच्या जागा तेथे रिकाम्या आहेत, त्या आता भरून निघणार नाहीत. पण जेथे आपण राहतो तेथील सतरंजीवर तरी आपली जागा रिकामी राहू नये. तेथे दाराशी थांबून कोणाची तरी चौकशी करावयाची आहे. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.