वहीतले आउटपुट

चंद्रपूर-गडचिरोलीच्या तालुक्यातालुक्यांतून आलेल्या संगणक-शिक्षक मित्रहो,

2011 साली गोंडवाना विद्यापीठ झाल्यापासून आपण कुठवर आलो, याचा आढावा अध्यक्षाने घ्यावा अशी रीत आहे. तो अहवालात आहेच. मला बोलायचे आहे ते प्रॅक्टिकलच्या जर्नलबद्दल. बरीच वर्षे मनात साठले आहे.

आपली मुले जर्नलमध्ये प्रोग्राम उतरवतात आणि त्याखाली आउटपुटही हातानेच लिहितात. यंत्राने खरोखर काय उत्तर दिले ते न पाहता आपण सही ठोकतो. हे शिक्षण नव्हे, हा नकलेचा कारखाना आहे!

एका महाविद्यालयात मी बाह्य परीक्षक होतो. एका मुलीने तेंदूपत्त्याच्या मजुरीचा प्रोग्राम सी भाषेत लिहिला होता. तिची आई दर उन्हाळ्यात तेंदूपानांचे पुडे बांधते. पुड्यांना 100 ने भागायचे आणि शेकड्याच्या दराने गुणायचे. वहीत 200 पुड्यांचे उत्तर होते, बरोबर होते, खाली सही होती. मी 150 टाकायला सांगितले. दर 400 धरला होता, म्हणजे 600 यायला हवेत. पडद्यावर आले 400. सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक गळतो. वरच्या 50 पुड्यांची मजुरी बुडाली. मुलगी म्हणाली, “सर, पुडे मोजून घेतात त्या फळीवर असं झालं तर माझी आई ऐकून घेणार नाही.”

परीक्षा आटोपल्यावर आम्ही तीन छोट्या चाचण्या लिहिल्या: 0 पुड्यांना 0, 100 ला 400, 150 ला 600. तिसरी नापास झाली. तिने आधी गुणाकार, मग भागाकार केला, तिन्ही पास. बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये तो बदल कमिट केला, संदेश मराठीत लिहिला: ‘शेकड्यावरचे पुडेही मोजले’.

जर्नलऐवजी अशा चाचण्या आणि गिट वापरा म्हटले की आक्षेप येतात. पहिला सकाळच्या सत्रातच ऐकला: ‘आधी भाषा येऊ द्या, चाचण्या नंतर’. त्या मुलीला चाचणी लिहिताना आधी ठरवावे लागले, की बरोबर उत्तर म्हणजे काय. प्रोग्रामिंगचा पहिला धडा हाच आहे. केंट बेक आणि एरिख गामा यांनी 1997 मध्ये जेयुनिट हे चाचण्यांचे साधन लिहिले, तेव्हापासून उद्योगात ही शिस्त रुळत गेली. आपल्या मुलांनी ती पहिल्या नोकरीपर्यंत पाहूच नये?

दुसरा आक्षेप नेटवर्कचा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटते, तिथे गिट कसले? अहो, तिथेच! लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये गिट बनवले, त्यात क्लोन केलेल्या प्रत्येक यंत्रावर सारा इतिहास असतो. कमिट करायला इंटरनेट लागत नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी पावसाळ्यात पेनड्राइव्हवरून एकमेकांचे बदल घेतले आहेत.

तिसरा आक्षेप नकलेचा. उतरवलेला प्रोग्राम बहुधा एकाच कमिटमध्ये सगळाच्या सगळा अवतरतो. स्वतः केलेला चुकत, सुधारत वाढतो. दहा वह्या चाळून जे कळत नाही, ते गिटमधला हा इतिहास उघडला की दिसते. आणि इंग्रजीचे भय म्हणाल, तर पायथॉन 3 मध्ये नावेसुद्धा देवनागरीत देता येतात. चाचणी नापास झाल्याचा खुलासा मराठीत लिहायला कोणी अडवले आहे?

कामे पुष्कळ आहेत. धान, बांबू, मोह, एसटीचे भाडे अशा आपल्याकडच्या हिशोबांचा, मराठी चाचण्या जोडलेला सरावसंच व्हायला हवा. जर्नलच्या अटीबद्दल अभ्यास मंडळाशी बोलायला हवे. कोणी काय करायचे, ते आपण बसून ठरवू.

तोवर एक मात्र आपल्या हातात आहे. येत्या परीक्षेत हाताने लिहिलेल्या आउटपुटला गुण देऊ नका. मुलाला यंत्रापुढे बसवा, चाचणी चालवायला लावा, नापास झाली तर दुरुस्त करायला वेळ द्या. या जंगलातल्या माणसांच्या घामाचा हिशोब फार काळ दुसऱ्यांनी केला. त्यांच्या मुलांना तो तपासता आला पाहिजे, आणि चुकला असेल तर पुराव्यानिशी दाखवता आला पाहिजे.