पिल्लू घेण्याआधी त्याची आई पाहा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या बोलण्याचा विषय कुत्रा आहे हे कळल्यावर काहीजणी हसल्या, ते मी पाहिले. हसण्यास माझी हरकत नाही. परंतु इथे इंग्लंडात आपल्यापैकी किती घरांतून मुलांनी कुत्र्यासाठी हट्ट धरला आहे, आणि तो हट्ट पुरवल्यावर सकाळी पावसात त्याला फिरवून आणण्याचे काम कोणाकडे येते, हे आपण सर्वजणी जाणतो. कुत्रा घरात आला की बारा-चौदा वर्षे राहतो. एक साडी घेताना आपण चार दुकाने पालथी घालतो. मग बारा वर्षांचा सोबती छायाचित्र पाहून का घ्यावा?

आमच्याकडे सहा वर्षे शेल्टी आहे. शेल्टी म्हणजे शेटलंड शीपडॉग. स्कॉटलंडच्या उत्तरेला, वाऱ्यापावसाने झोडपलेली शेटलंड बेटे आहेत. तिथली तट्टे लहान, मेंढरे लहान, आणि त्यांना हाकणारा कुत्राही लहान. पिकाभोवती कुंपण नसे, म्हणून मेंढरांना भुंकून शेतापासून दूर ठेवणे हे त्याचे काम. १९०८ साली लर्विक गावी या कुत्र्याचा क्लब निघाला. १९०९ साली इंग्लंडच्या केनेल क्लबने त्याला ‘शेटलंड कोली’ म्हणून मान्यता दिली. पण मोठे कोली पाळणाऱ्यांना ते नाव रुचले नाही, म्हणून १९१४ पासून ते ‘शेटलंड शीपडॉग’ झाले. उंची खांद्यापाशी साधारण ३६ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या गुडघ्याच्याही खाली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, कुत्र्याचे मूळ काम हाच त्याचा स्वभाव. आपल्याकडे धनगराचा कुत्रा लांडग्यापासून कळपाची राखण करतो; शेल्टी कळपाला वळवतो. मेंढरे नसली की तो मुलांना वळवतो, सायकलीमागे धावतो, आणि दाराची घंटा वाजली की सारी गल्ली जागी करतो. वेल्समधला कॉर्गी त्याहून ठेंगणा. तो गुरे हाकणारा, त्यामुळे खेळता खेळता टाचेला दात लावण्याची त्याला खोड. एलिझाबेथ राणीमुळे कॉर्गी जगाला ठाऊक झाला, पण राजवाड्यातला म्हणून तो गादीवर बसून राहणारा आहे असे कोणी समजू नये. दोघेही बुद्धिमान, आणि रिकामे बसले की उपद्व्यापी. रोज तासभर फिरवणे, काहीतरी शिकवणे आणि आठवड्यातून दोनदा तरी केस विंचरणे जमणार नसेल, तर मुलांना आजच ‘नाही’ म्हणावे. ज्यांच्या भिंतीपलीकडे शेजारी आहेत त्यांनी शेल्टीचा विचार दोनदा करावा.

आता मुख्य गोष्ट. पिल्लू पाहायला जाल तेव्हा आधी त्याची आई पाहा. खाण तशी माती, ही म्हण इथेही लागू पडते. आई भित्री असेल, माणूस दिसताच कोपऱ्यात दडत असेल, तर पिल्लू तसेच निघण्याचा संभव फार. शिवाय आई दाखवणे हे आता सौजन्य राहिलेले नाही, तो कायदा आहे. ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडात सहा महिन्यांच्या आतले पिल्लू मधल्या दलालाला विकता येत नाही. ज्याच्याकडे ते जन्मले त्यानेच, जन्मले त्या जागी, आईसह दाखवून विकले पाहिजे. या कायद्याला ‘लूसीचा कायदा’ म्हणतात. लूसी ही एक छोटी कुत्री. वेल्समधल्या पिल्लांच्या कारखान्यातून २०१३ साली तिची सुटका झाली, तेव्हा वर्षानुवर्षे अरुंद पिंजऱ्यात वेतावर वेत काढून तिचा कणा वाकला होता. २०१६ साली ती वारली. तिच्या नावाने कायदा झाला.

आम्ही पहिल्यांदा पिल्लू पाहायला गेलो तेव्हा बैठकीच्या खोलीत एकच पिल्लू आणून ठेवले होते. नाक वाहत होते, मांडीवर ठेवले तरी हलत नव्हते. आई कुठे, विचारले, तर डॉक्टरांकडे गेली आहे. पुन्हा येतो म्हटले, तर दुसरे गिऱ्हाईक तयार आहे. आमची मुलगी रडू लागली. ह्यांचेही मन द्रवले, म्हणाले, “निदान या बिचाऱ्याला तरी इथून सोडवून नेऊ.” मी म्हटले, “हे नेले की उद्या या जागी दुसरे येईल, आणि त्याच्या आईला कोण सोडवणार?” आम्ही रिकाम्या हाताने परतलो आणि कौन्सिलला कळवले. त्या रात्री घरात कोणी नीट जेवले नाही. तरीही तो निर्णय योग्यच होता असे मी आजही म्हणेन.

पुढे एका वृद्ध बाईंचा पत्ता मिळाला. त्यांनी पिल्लू दाखवण्याआधी आमचीच परीक्षा घेतली. दिवसभर घरी कोण असते? बागेला कुंपण आहे का? भारतात गेलात तर याला कोण पाहील? सासूबाई मला हळूच म्हणाल्या, “अगं, तुला पाहायला आलो तेव्हा आम्हीसुद्धा इतके विचारले नव्हते!” आम्हाला आठ महिने थांबावे लागले. पण ज्या घरी असे प्रश्न विचारतात, तिथेच पिल्लू घ्यावे.

कागद मागण्यास संकोच करू नये. शेल्टीला डोळ्यांचा एक जन्मजात विकार असतो. पिल्ले सहा-सात आठवड्यांची असताना नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घेतात, तो दाखला पाहावा. निळसर ठिपक्यांचा ‘मर्ल’ रंग मोहक दिसतो, पण दोन मर्ल एकत्र आणले तर चारात एक पिल्लू बहिरे किंवा आंधळे होण्याची भीती असते. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आणू नये, आणि त्याच्या कातडीखाली मायक्रोचिप बसवलेली असलीच पाहिजे.

अजून एक गोष्ट गृहिणींसाठी. कोली घराण्यातल्या काही कुत्र्यांत ‘एमडीआर १’ नावाचा जनुकदोष असतो. शेल्टीत कमी, पण असतो. अशा कुत्र्याला मेंढ्याघोड्यांच्या जंतांसाठी देतात ते आयव्हरमेक्टिन मोठ्या मात्रेत पोटात गेले, किंवा आपल्या कपाटातली लोपेरामाइड ही जुलाबाची गोळी दिली, तर प्राणावर बेतू शकते. गालाच्या आतून बोळा फिरवून ही तपासणी होते. तपासणी होवो वा न होवो, पशुवैद्याला विचारल्याशिवाय घरचे औषध देऊ नये. कांदा-लसणीची आमटी, शिऱ्यातले बेदाणे आणि चॉकलेट कोणत्याच कुत्र्याला देऊ नये, पाहुण्यांनी कितीही लाडाने पुढे केले तरी.

शेवटी एवढेच, की पिल्लूच हवे असा आग्रह नसावा. मालक वारला, घर बदलले, म्हणून मोठे शेल्टीही निवारागृहांतून घराची वाट पाहत असतात. लहान मुले मोठी झालेल्या घरी असा शहाणा, वळण लागलेला कुत्रा पुष्कळदा पिल्लापेक्षा सोयीचा पडतो. आणि पिल्लूच घ्यायचे असेल, तर ज्या आईने त्याला वाढवले तिला एकदा डोळ्यांनी पाहून, तिच्या अंगावरून हात फिरवून मगच ते उचलावे. आपण सर्वजणी आया आहोत. याहून अधिक मी काय सांगावे?