चारी, पाळी आणि सायकल : स्पेनच्या नदीखोऱ्यांतून
(शेतकरी मेळाव्यात एका प्रगतिशील शेतकऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. आपल्यासारखाच एक बागायतदार आहे. माझी चार एकर द्राक्षे आणि तीन एकर कांदा आहे. आमचे शेत चारीच्या मुखाकडे असल्याने पाणी आधी आम्हाला मिळते. हे मुद्दाम सांगतो, कारण आजच्या बोलण्याशी त्याचा संबंध आहे.

माझा पुतण्या स्पेनमधील वॅलेन्सिया शहरात नोकरीस आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याने मला तिकडे बोलावले आणि म्हणाला, "काका, मोटारीने हिंडलात तर रस्ता दिसेल, सायकलीने हिंडलात तर शेती दिसेल." कॉलेजला असताना मी रोज जाऊन-येऊन अठरा किलोमीटर सायकल मारत असे. त्या भरवशावर मी हो म्हटले.

खडीच्या वाटेची सायकल

तिकडे कच्च्या, खडीच्या वाटांसाठी वेगळी सायकल मिळते. तिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, ब्रेक डिस्कचे आणि टायर सुमारे चाळीस मिलिमीटर रुंद. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की खडीवर चाक घसरत नाही आणि हातांना हादरे बसत नाहीत. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा अठ्ठावीस-दीडचा टायर साधारण तेवढाच रुंद असतो. म्हणजे दूधवाला ज्या सायकलीवर कॅन बांधून शिवाराच्या वाटेने येतो, तिचीच ही हलकी, गिअरची बहीण म्हणा ना!

आम्ही ज्या वाटेने गेलो ती मुळात रेल्वेची वाट आहे. तेरुएल प्रांतातील ओहोस नेग्रोसच्या खाणींतून लोखंडाचे खनिज सागुंतोच्या बंदरावर नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी हा लोहमार्ग बांधला गेला. शेजारून दुसऱ्या कंपनीचा लोहमार्ग आधीच जात होता. पण भाड्याच्या दरावरून दोघांचे जमले नाही, म्हणून खाण कंपनीने त्याला समांतर असा स्वतःचा वेगळा मार्ग टाकला! १९७२ मध्ये तो बंद पडला. पुढे रूळ काढून तेथे सायकलींची वाट केली. अशा वाटांना तेथे 'हिरव्या वाटा' म्हणतात. ही योजना १९९३ मध्ये सुरू झाली. आमची वाट सुमारे १६० किलोमीटरची, त्या देशातील सर्वांत लांब. रेल्वेचाच मार्ग असल्याने चढ बेताचा आहे आणि साठीकडे झुकलेल्या माणसालाही तो झेपतो.

पाणी आहे तेथे हिरवे

सांता एउलालिया गावाहून आम्ही निघालो. पुढे सेया नावाच्या गावी एक मोठी दगडी बांधणीची विहीर पाहिली. तिचे पाणी उपसावे लागत नाही, जमिनीखालच्या दाबाने ते आपोआप वर येते आणि पाटांनी शेतांत जाते. या पाण्याच्या आधारावर त्या कोरड्या पठारावर हिरवा पट्टा दिसतो. पट्टा संपला की गव्हाची कापलेली राने आणि पिवळे माळ सुरू होतात. आपल्या माणदेशातून गेल्यासारखे वाटले.

माणसे मात्र फार थोडी. तेरुएल प्रांतात दर चौरस किलोमीटरला सरासरी नऊच माणसे राहतात. आपल्या महाराष्ट्रात २०११ च्या शिरगणतीनुसार ३६५. गावात घरे दगडी, भक्कम, पण निम्म्या घरांची दारे बंद असलेली पाहिली. तरुण मुले शहराकडे गेली. आपल्याकडे दुर्लक्ष होते या भावनेतून तेथील लोकांनी 'तेरुएलही अस्तित्वात आहे' अशा अर्थाच्या नावाने १९९९ मध्ये चळवळ सुरू केली आणि २०१९ मध्ये तिचा प्रतिनिधी देशाच्या संसदेत निवडून आला.

तेरुएलपुढे बाराशे मीटरहून अधिक उंचीची खिंड ओलांडून आम्ही सारिओन गावी मुक्काम केला. येथे एक वेगळेच पीक पाहिले. ट्रफल नावाची काळी अळंबी एका जातीच्या ओक झाडाच्या मुळांवर जमिनीखाली वाढते. रोपवाटिकेतच रोपाच्या मुळांना तिची लागण करतात. चुनखडीची, निचऱ्याची जमीन लागते. लागवडीनंतर उत्पन्नास साधारण आठ-दहा वर्षे थांबावे लागते. उन्हाळ्यात पाणी दिले तर पीक चांगले येते. हिवाळ्यात शिकवलेले कुत्रे वास घेऊन अळंबी दाखवतात आणि शेतकरी लहान कुदळीने ती काढतो. ज्या माळावर पूर्वी थोडे धान्य आणि मेंढ्या यांखेरीज काही नव्हते, तेथे या पिकामुळे काही तरुण गावात टिकले आहेत. आपल्या हवेत हे पीक घ्यावे असे मी सुचवत नाही. मात्र माळाच्या उणिवेतूनच त्यांनी पीक शोधले, एवढे ध्यानात घ्यावे.

पुढे पालान्सिया नदीचे खोरे लागले. वाट उतरत गेली तसे बदाम, मग ऑलिव्ह, मग हेरिका व सेगोर्बे या गावांजवळ भाजीपाल्याची लहान वाफ्यांची शेती आणि सागुंतोजवळ संत्र्यांच्या बागा. चार दिवसांत आम्ही थंड पठारावरून समुद्रकाठी आलो. डोंगरउतारावर जुन्या दगडी बांधाच्या पायऱ्या आहेत. बऱ्याच पायऱ्या पडीक आहेत. बांध ढासळला की माती वाहून जाते आणि पुन्हा बांधायला माणूस नसतो. हे पाहून मन खिन्न झाले.

गुरुवारचे न्यायालय

बुधवारी संध्याकाळी सागुंतोला पोहोचलो आणि गुरुवारी वॅलेन्सियाला गेलो. तेथे तुरिया नदीच्या पाण्यावर आठ मोठ्या पाटांच्या संस्था आहेत. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मुख्य चर्चच्या दारात त्यांचे आठ प्रमुख काळे अंगरखे घालून खुर्च्यांवर बसतात. हे सगळे स्वतः जमीन कसणारे शेतकरी. शिपाई एकेका पाटाचे नाव पुकारून विचारतो, कोणाविरुद्ध तक्रार आहे काय? पाणी चोरणे, पाट साफ न करणे, शेजाऱ्याच्या रानात पाणी सोडून नुकसान करणे, असे हे गुन्हे. वकील नाही, लेखी अर्ज नाही. सगळे तोंडी आणि सर्वांसमक्ष. ज्या पाटाची तक्रार असेल त्याचा प्रमुख निर्णयात भाग घेत नाही. निकाल अंतिम असतो. ही रीत अरबांच्या राजवटीपासून चालत आल्याचे मानतात. युनेस्कोने २००९ मध्ये तिचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्याच वर्षी ज्या एलिनॉर ऑस्ट्रॉमबाईंना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनीही १९९० च्या आपल्या ग्रंथात या पाटांचा अभ्यास मांडला आहे.

वाटणीचे तत्त्व साधे आहे. पाणी जमिनीला जोडलेले आहे, ते वेगळे विकता येत नाही. नदीचे पाणी मोजून नव्हे, तर हिश्श्याने वाटतात. नदी आटली तर सर्वांचा हिस्सा सारख्या प्रमाणात घटतो. मुखाकडच्याला जास्त आणि शेपटाला शून्य, असे होऊ देत नाहीत.

त्या गुरुवारी एकही तक्रार नव्हती. पाच मिनिटांत सर्व संपले. पुतण्या म्हणाला, "काका, काहीच झाले नाही!" मला मात्र वाटले, हेच तर झाले.

माझी कबुली

बंधूंनो, तेथे उभा असताना मला २०१६ चा उन्हाळा आठवला. दुष्काळ होता, शेवटचे आवर्तन होते. पाळी माझ्या चुलतभावाची होती. त्याचे रान शेपटाकडे. रात्री दोन वाजता मी मोघ्याचे दार उचलले आणि पाणी माझ्या द्राक्षांना घेतले. त्याचा दीड एकर कांदा गेला. मी केले हे त्याला ठाऊक होते, मला ठाऊक होते, पाटकऱ्याला ठाऊक होते. कोणी बोलले नाही, कारण बोलायला जागाच नव्हती. सात वर्षे आम्ही एकमेकांच्या दारात गेलो नाही.

परत आल्यावर पाणी वापर संस्थेच्या बैठकीत मी हे उभे राहून सांगितले आणि कांद्याची भरपाई देऊ केली. नंतर दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मारुतीच्या पारावर बसायचे ठरले. पहिल्या दोन बैठकांना चुलतभाऊ आला नाही. तिसऱ्या बैठकीला आला आणि मागे बसला. भरपाई अजून त्याने घेतलेली नाही.

आपण काय करावे?

हे आपल्याला परके नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षे चालली. पाटकरी, जागल्या गावानेच नेमले. २००५ पासून पाणी वापर संस्थांना कायद्याचाही आधार आहे. म्हणून अनुभवावरून सुचवतो :

१) पाळीपत्रक पारावर लावावे आणि आवर्तनाआधी मोठ्याने वाचावे.
२) पाणी कमी पडल्यास सर्वांचे तास सारख्या प्रमाणात कमी करावेत.
३) चारीची सफाई आवर्तनाआधी करावी. न येणाऱ्यास दंड ठरवावा आणि तो वसूल करावा.
४) तक्रार ऐकण्याचा वार, वेळ व जागा ठरलेली असावी. तक्रार नसली तरी बसावे.
५) ज्याच्या चारीची तक्रार, त्याने निकालात बसू नये.

तेथील सर्व काही उत्तम आहे असे नव्हे. शहर वाढून पाटाखालची सुपीक जमीन घटत आहे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी वॅलेन्सिया भागात अतिवृष्टीने पूर आला, त्यात दोनशेहून अधिक माणसे दगावली आणि शेतीची मोठी हानी झाली. पाण्यापुढे शेवटी माणूस लहानच. म्हणूनच जे पाणी हाती येते त्यावरून भांडण तरी नको.

ज्यांचे रान मुखाकडे आहे त्यांनी एकदा पाणी चालू असताना चारीच्या कडेने शेपटापर्यंत सायकलीने जाऊन यावे. मी तीस वर्षांत कधी गेलो नव्हतो. अंतर अवघे साडेतीन किलोमीटर आहे.