सातवीची शिदोरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी दोन शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. भाषण शिकल्यासवरल्या बाईने करावे. माझे शिक्षण अवघे सातवी. मंडळात माझे काम म्हणजे हळदीकुंकवाचे वाण मोजणे आणि सहलीला पोळ्या लाटणे. पण बाई म्हणाल्या, "विषय आहे 'खेड्यातील मुलगी आणि शिक्षण'. खेड्यातली मुलगी तुमच्याहून जास्त कोण इथे?" तेव्हा मी गप्प बसले. पुस्तकी बोलणे मला जमणार नाही. मी आपली घरातलीच गोष्ट सांगते. त्यात माझी एक चूकही आहे, तीही सांगणार आहे.

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीवर. घरात दोन मुलींच्या पाठीवर १९८१ साली मी तिसरी जन्मले. वडील मुंबईला गिरणीत होते. मी पाळण्यात असतानाच, जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. तो काही मिटला नाही. वडील वळकटी घेऊन घरी आले ते कायमचेच. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते, त्यांच्या घरोघरी हेच झाले. पण आमच्या घरात त्याचे कारण एकच ठरले, ते म्हणजे मी. "पोर पांढऱ्या पायाची," असे आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. पुढे माझ्या पाठीवर भाऊ झाला, तरी माझे पाय काही काळे झाले नाहीत! सणाला नवे परकर थोरल्या बहिणीला, जुने मधलीला, आणि तिचे विटलेले मला. मला कोणी मारले नाही, उपाशीही ठेवले नाही. पण घरात मी आहे की नाही, हे कोणाच्या लक्षातच नसे. त्याचा एक फायदा मात्र झाला. दोघी बहिणी कामाच्या म्हणून त्यांची शाळा चौथीपुढे गेली नाही, आणि मी बिनकामाची म्हणून शाळेत जात राहिले.

शाळेत मात्र हजेरीत माझे नाव होते. रोज बाई ते मोठ्याने घेत आणि मी "हजर" म्हणे. आज तुम्हाला हसू येईल, पण दिवसभरात आपले पुरे नाव कोणीतरी घेते, याचेच मला अप्रूप वाटे. सातवीला आम्हाला ज्या बाई होत्या, त्यांनीच मला प्रथम पार्वतीबाई आठवल्यांची गोष्ट सांगितली. "ही बाई कुठली लांबची नव्हे, आपल्या देवरुखची," असे त्या म्हणाल्या, तेव्हा मला फार नवल वाटले. देवरूख म्हणजे आमच्या बाजाराचे गाव. तिथली बाई पुस्तकात गेली!

पुढे सासरी आल्यावर वाचनालयातून पार्वतीबाईंचे 'माझी कहाणी' हे पुस्तक आणून मी वाचले. ते १९२८ साली प्रसिद्ध झाले. पार्वतीबाईंचा जन्म १८७० चा. अकराव्या वर्षी लग्न झाले, नवरा पायाने अधू. विसाव्या वर्षी कपाळ पांढरे झाले आणि लहानग्या मुलाला घेऊन त्या माहेरी आल्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपनही झाले. अक्षरओळख नाही. त्यांची थोरली बहीण गोदूबाई, तीही बालविधवा. ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. त्याच आपल्या बाया कर्वे. बहिणीच्या आधाराने पार्वतीबाई पुण्याला आल्या आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी पाटीवर धुळाक्षरे गिरवायला घेतली. ज्या वयात आपण मुलांना हात धरून श्री काढायला शिकवतो, त्या वयात त्यांनी स्वतः श्री काढला.

पुढे कर्व्यांच्या आश्रमात त्या शिक्षिका झाल्या आणि आश्रमासाठी गावोगाव फिरून त्यांनी वर्गणी गोळा केली. माजघरात तोंड लपवून बसायची ती बाई सभेत उभी राहून बोलू लागली. १९१२ साली त्यांनी केस वाढवायला सुरुवात केली. आणि १९१८ साली, अठ्ठेचाळीस वर्षांच्या असताना, इंग्रजी नीट येत नसतानाही त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे इंग्रजी कानावर पडावे म्हणून लोकांच्या घरी त्यांनी घरकाम केले. १९२० साली त्या परत आल्या. भगिनींनो, भांडी घासण्याचे काम देवरुखलाही होते आणि अमेरिकेतही होते. पण एकीकडे ते नशीब म्हणून करायचे, आणि दुसरीकडे आपल्या मनाने, आपल्या हेतूसाठी करायचे, यात जमीनअस्मानाचे अंतर आहे. शिक्षणाने काय होते असे मला कोणी विचारले, तर मी हेच सांगेन.

मी काही अमेरिकेला गेले नाही. मी आठवीलासुद्धा गेले नाही! १९९४ साली सातवी पास झाले, पण हायस्कूल पाच-सहा किलोमीटरवर. मुलींना फी नव्हती, अडचण होती ती पऱ्याची. पावसाळ्यात त्याचा साकव दर वर्षी वाहून जाई. भाऊ मोठा झाल्यावर त्याला तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे ठेवले. माझ्यासाठी साकव नव्हता, नातेवाईकही नव्हते. बाईंनी घरी येऊन वडिलांना दोनदा सांगून पाहिले. वडील म्हणाले, "नाव लिहिता येते ना? पुरे." एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन मी इकडे आले.

आता त्या 'नाव लिहिण्या'ची गोष्ट ऐका.

२००९ साली वडील गेले. वर्ष झाल्यावर गावाहून निरोप आला की सातबाऱ्याचे काम करायचे आहे, सगळ्या बहिणींनी सहीला यावे. देवरुखला गेलो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर बाकावर आई, आम्ही तिघी आणि भाऊ. लेखनिकाने कागद पुढे केला, शाईचा डबा पुढे केला. थोरलीने अंगठा पुढे केला. चौथी झालेली बाई, पण वीस वर्षांत पेन धरले नव्हते. मी म्हटले, "थांब, मी आधी वाचते." लेखनिक म्हणाला, "बाई, त्यात वाचण्यासारखे काही नाही, नेहमीचा मजकूर आहे." मी म्हटले, "नेहमीचा असेल तर वाचायला वेळ लागणार नाही."

वेळ लागला. कचेरीची भाषा सातवीच्या पुस्तकात नव्हती. काही शब्द दोनदा वाचले, बोट ठेवून वाचले. ते हक्कसोडपत्र होते. आम्हा बहिणींचा हक्क सोडायचा होता, ते मी घरूनच समजून आले होते. पण त्यात चौथे नाव आईचे होते. म्हणजे आईनेही जमिनीवरचा आणि घरावरचा आपला हक्क सोडून द्यायचा होता. आई शेजारी बसली होती, अंगठा पुसायला पदर हातात घेऊन. तिला काहीच ठाऊक नव्हते.

माझे हात कापत होते, हे मी लपवत नाही. भावाला सांगितले, "आम्ही तिघी सोडतो. पण आईचे नाव राहील. आईचे नाव निघणार असेल, तर माझी सही मिळणार नाही." कागद कोणाच्या सल्ल्याने केला होता ते मी इथे बोलत नाही, भाऊ स्वभावाने भोळाच आहे. मोठा वाद झाला. चारचौघांत "शहरात जाऊन शहाणी झाली" हे ऐकावे लागले. अखेर कागद बदलला. आई जिवंत होती तोवर सातबाऱ्यावर तिचे नाव होते, आणि ती आपल्या घरात आपल्या हक्काने राहिली. त्यापायी दोन वर्षे भाऊ भाऊबिजेला आला नाही. तेही मी सोसले.

नंतर मला कळले की, ज्या १९९४ साली माझी शाळा सुटली, त्याच साली महाराष्ट्रात मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हक्क देणारा कायदा झाला होता, आणि २००५ साली तो साऱ्या देशासाठी झाला. कायदा वाडीवर कधी पोचलाच नाही. वाचणारी बाई असल्याखेरीज कायदा घरात येत नाही, हे मी तेव्हा शिकले.

आता माझी चूक सांगते.

२०२१ साली माझ्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला. घरात हाताखाली कोणी नाही. मी मधल्या बहिणीला फोन केला आणि तिची मुलगी आणवली. मुलगी चौदा वर्षांची, आठवी झालेली. "दोन महिन्यांसाठी पाठव, मग शाळेत पोचवते," असे मी कबूल केले होते. दोन महिन्यांची दोन वर्षे झाली. पोर गुणी. सासूबाईंना भरवणे, कूस बदलणे, औषधाच्या वेळा पाळणे, सगळे ती करी. मी तिला कपडे करी, चांगलेचुंगले खाऊ घाली, आणि मनात म्हणे, गावापेक्षा सुखात आहे. सातबाऱ्यावर आईचे नाव राखणारी मी, हजेरीतून भाचीचे नाव गेले तरी मला काही वाटले नाही.

रोज दुपारी ती सासूबाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवी. एकदा दहावीचा निकाल लागल्याची बातमी होती. ती वाचता वाचता थांबली. सासूबाई अडखळत म्हणाल्या, "पुढे वाच की." ती वाचेना. माझ्याकडे वळून तिने विचारले, "मावशी, तुला सातवीनंतर कोणी थांबवलं होतं?"

मी म्हटले, "पऱ्यानं. साकव नव्हता."

ती म्हणाली, "इथं तर पऱ्या नाही."

भगिनींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. पऱ्या मीच झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी चौकशीला बाहेर पडले. शाळा सुटलेल्यांना दहावीला बाहेरून बसता येते. त्याला सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो एवढे जमवले की नोंदणी होते. नियम आणि तारखा दर वर्षी मंडळाकडून जाहीर होतात, म्हणजे आपल्या नव्हे, परीक्षा मंडळाकडून! २०२३ साली तिचा अर्ज भरला. सासूबाईंसाठी अर्ध्या दिवसाची बाई लावली. त्या पैशांसाठी मी भिशी बंद केली आणि दिवाळीत चकल्यांच्या ऑर्डरी घेतल्या. मार्च २०२४ च्या परीक्षेत पोर गणितात गेली. तीन दिवस जेवली नाही. मग आपणच पुस्तक काढून बसली आणि जुलैच्या परीक्षेत सुटली. आता ती बारावीला आहे.

निकालापेक्षा मला मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. या उन्हाळ्यात गावाहून तिच्या लग्नाचे निघाले. मी तिच्याबरोबर जाणार होते. ती म्हणाली, "तू नको येऊस. तू बोललीस तर मावशीने शिकवलं म्हणतील." आमच्याकडे आली तेव्हा दुकानात जाऊन पाव मागायला लाजणारी ही पोर कोकण रेल्वेने एकटी गेली. बापासमोर बसून म्हणाली, "बाबा, बारावी होऊ दे. नर्सिंगला जायचंय मला. स्थळ चांगलं असेल तर थांबेल, नाहीतर दुसरं येईल." बापाने अजून पुरता होकार दिलेला नाही. पण नकारही दिला नाही, आणि परतीचे तिकीट त्यानेच काढून दिले.

तेव्हा माझे आपल्याला एवढेच सांगणे आहे. मंडळाने दर वर्षी हळदीकुंकू करावे, सहल काढावी, जरूर काढावी. पण आपल्या या आळीत कोणाच्या घरी मूल सांभाळायला, कोणाच्या घरी आजारी माणसाजवळ, गावाहून आणलेली मुलगी आहे का, हे प्रत्येकीने आपल्याच घरी जाऊन पाहावे. शेजारणीच्या घरात डोकावण्याची गरज नाही. मीही आपल्याच घरात पाहिले. मंडळाची खोली मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी रिकामी असते. आपल्यात तीन निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी शिकवावे, मी सतरंज्या घालीन, चहा करीन आणि अर्जासाठी रांगेतही उभी राहीन.

आणि मागच्या बाकावर मीही बसेन. माझा शाळेचा दाखला गावाहून आला आहे. भावानेच शाळेत खेपा घालून तो काढला आणि पोस्टाने पाठवला. सोबत दोन ओळी आहेत: "दाखल्यावर नाव बरोबर आहे का, वाचून बघ."

मी वाचून पाहिले. बरोबर आहे.