नव्या कंपनीत माणसे का टिकतात?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी बोलण्याचा आग्रह केला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. गोड्या मसाल्याचे प्रमाण विचाराल तर झोपेतही सांगेन, पण संगणकाच्या कंपनीवर मी काय बोलणार? तरी गेली दोन वर्षे आमच्या घरात या एकाच विषयावर इतकी वादावादी झाली आहे, की तीच आपल्यापुढे ठेवावी म्हटले.

आपल्यापैकी कितीतरी जणींची मुले-मुली आज पुण्यात नव्या निघालेल्या कंपन्यांत आहेत. त्यांना ‘स्टार्टअप’ म्हणतात. चार-दोन माणसे, एक कल्पना आणि बहुतेक वेळा दुसऱ्याचे पैसे, एवढेच तिचे भांडवल. उद्याची शाश्वती नाही. मग अशा ठिकाणी कोणी जीव लावून का राहावे?

माझ्या थोरल्याची पहिली नोकरी अशाच एका कंपनीत होती. थाट मोठा. दुपारचे जेवण फुकट, खेळायला टेबल, वाढदिवसाला केक. पहिल्याच दिवशी अंगात घालायला बनियन दिला, त्यावर छापलेले, ‘आपण एक कुटुंब’. मला केवढे बरे वाटले! म्हटले, पोराला परक्या गावात घर मिळाले.

पुढे माझ्या सासूबाई वारल्या. दहाव्याला मुलगा घाटावर बसलेला, आणि तेवढ्या वेळात कंपनीतून त्याला चार फोन. भटजी थांबले होते. यांच्या कपाळावरची शीर उठली, पण ते काही बोलले नाहीत. त्यानंतर काही महिन्यांनी पैसे लावणाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि एका सकाळी चाळीस माणसांना घरी बसवले. मुलाच्या मित्राला तर फाटकाशी कळले. रोजचे कार्ड लावले, दार उघडेना. माझ्या मुलाची नोकरी राहिली होती, पण तो म्हणाला, “आई, माझं मन त्या दिवशीच तिथून उठलं.” दोन महिन्यांनी त्याने ती सोडली.

तेव्हापासून ‘कुटुंब’ हा शब्द कंपनीच्या तोंडी आला की मी सावध होते. हा शब्द वापरणाऱ्यांनी कधी कुटुंब चालवलेले नसावे. घरात तंगी आली की आपण आपल्या ताटातली भाकरी कमी करतो. धाकट्या दिराला कार्ड बंद करून बाहेर काढत नाही.

दुसरी कंपनी अगदीच लहान. नऊ माणसे, दोन खोल्या. खेड्यातल्या दूध संकलन केंद्रावर फॅटची नोंद होते ना, ती घेऊन शेतकऱ्याचा हिशेब करणारे सॉफ्टवेअर ते तयार करतात. मालक तिशीतला. मुलगा त्याला अरे-तुरे करतो हे ऐकून मी त्याला रागावलेही होते. तिथे केक नाही की टेबल नाही. मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मालक सगळ्यांना बसवून सांगतो, की बँकेत इतके आहेत, इतके महिने पुरतील.

एकदा मुलाच्या हातून चूक झाली. एका केंद्रावर आठवडाभर फॅटचे आकडे कमी उतरले आणि शेतकऱ्यांना पैसे कमी गेले. मुलाला घाम फुटला. मालकाने ‘कोणी केले’ हे विचारलेच नाही, ‘कसे झाले’ एवढे विचारले. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघे एसटीने त्या गावी गेले. मालकाने शेतकऱ्यांची स्वतः माफी मागितली आणि फरकाचे पैसे कंपनीतून भरले. माझ्या मुलाचे नाव त्याने तिथे घेतले नाही. मला वाटते, मुलगा कंपनीला खरा बांधला गेला तो त्या गावात.

मागच्या वर्षी वाईट दिवस आले. दोन महिने अर्धा पगार. मालकाने स्वतः काहीच घेतले नाही. त्याच सुमारास मुलाला दुसरीकडून दीडपट पगाराचे बोलावणे आले. मी म्हटले, “जा. घराचे हप्ते आहेत, तुझ्या बहिणीचे शिक्षण आहे.” तो म्हणाला, “आई, त्यानं मला आजवर एकही खोटं सांगितलेलं नाही.” मी चिडून म्हटले, “खरेपणाने किराणा भरतो का?” चार दिवस आम्ही फोनवर नीट बोललो नाही.

यांनी इन्फोसिसचा दाखला काढला. ती कंपनी १९८१ साली पुण्यात सात जणांनी काढली, सुधाताई मूर्तींनी आपले १०,००० रुपये दिले, हे आपण सगळ्याच जणी ऐकून आहोत. मला त्यातली १९९० सालची हकीकत जास्त मोलाची वाटली. कंपनी तेव्हा बंगलोरला होती. टेलिफोन मिळायला वर्ष आणि संगणक बाहेरून आणण्याच्या परवान्याला दोन वर्षे लागण्याचा तो काळ. नऊ वर्षे राबूनही हाती फारसे नाही, अशात कंपनी दहा लाख डॉलरला विकण्याची संधी आली. पाच भागीदार विचाराला बसले. नारायण मूर्तींनी आधी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाले, तुम्हाला विकायचेच असेल तर तुमचे भाग मीच घेतो. खिशात पैसा नव्हता! पण भागीदारांनी विचार बदलला. असे काही भाषणाच्या जोरावर होत नाही. नऊ वर्षे जवळून पाहिलेल्या माणसाच्याच बोलण्याला एवढे वजन येते. पुढे १९९४ साली त्या कंपनीने नोकरवर्गालाही भाग देण्याची योजना आणली.

ही शेवटची गोष्ट मी पदराला बांधली. मुलाला विचारले, तुझा भाग किती? म्हणाला, “देणार म्हणालाय.” बायकांनो, ‘देणार म्हणालाय’ यावर आपण भांडीवालीशीसुद्धा व्यवहार करत नाही! मी म्हटले, राहायचे तर राहा, पण कागदावर घे. भोळ्या मुलाच्या निष्ठेवर दुसऱ्याचे इमले उठायला वेळ लागत नाही, मालक कितीही सज्जन असो. मुलाला मागायची लाज वाटली. शेवटी एकदा पुण्याला गेले असताना मीच त्या दोन खोल्यांत गेले. मालक मोरीशी उभा राहून चहाचे कप विसळत होता. मी सरळ विषय काढला. मुलगा खाली पाहत होता. मालक हात पुसत म्हणाला, “काकू, तुमचं बरोबर आहे. हे मी आधीच करायला हवं होतं.” पंधरा दिवसांत नऊही जणांना पत्रे मिळाली. चार वर्षांत भाग कसे मिळत जातील आणि मध्ये सोडल्यास काय होईल, सगळे त्यात लिहिले आहे. कंपनी बुडाली तर तो कागद रद्दीत जाईल, हेही मालकाने मला तिथेच सांगितले.

राहिलेल्या पगारापैकी निम्मा दिवाळीला आला. निम्मा यायचा आहे. मुलगा तिथेच आहे, आणि ते पत्र माझ्या कपाटात, रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवलेले आहे.