आसनापुढचा योग आणि आपला स्वाध्याय

(दिंडीच्या शतकमहोत्सवी सप्ताहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही चौथी शिकलेले. भाताच्या शेतात वाढलो आणि कीर्तनात उभे राहिलो. आम्हाला विषय दिला योगाचा. ऐकून दोघं-तिघं हसले, म्हणाले, बुवा आता शीर्षासन करून दाखवणार. ते काही आम्हाला जमायचं नाही. पण विषय आपल्या घरातलाच आहे, म्हणून उभे राहिलो.

आपल्या नवी मुंबईत सकाळी कुठल्याही बागेत जा, चटया अंथरलेल्या दिसतात. २०१५ सालापासून २१ जूनला योग दिवस होतो, त्या दिवशी तर मैदानं भरतात. आम्हाला बरं वाटतं. जमिनी सिडकोत गेल्या, नांगर सुटला, बसून खायची सवय लागली आणि घरोघरी शुगर आणि बीपी आलं. अशा अंगाला रोज वाकवलं-ताणलं तर ते चांगलंच. पण गावातल्या एका इंजिनिअर पोराने आम्हाला विचारलं, "बुवा, मी रोज सकाळी योगा करतो. मग संध्याकाळी हरिपाठाला कशाला येऊ?" त्याने टिंगल केली नव्हती, मनापासून विचारलं होतं.

त्याला आम्ही आधी पतंजलींकडे नेलं. योगसूत्रांचे चार पाद, सूत्रं १९५, कुणी १९६ धरतात. त्यात आसन कसं असावं यावर सूत्रं किती? तीन. बसणं स्थिर असावं, सुखाचं असावं, ओढाताण सुटावी, म्हणजे मग थंडी-ऊन, सुख-दुःख यांचा मार लागत नाही. झालं आसन. आठ अंगांत त्याचा नंबर तिसरा. आधी यम आणि नियम. अहिंसा, सत्य, अस्तेय म्हणजे चोरी न करणं, ब्रह्मचर्य, अपरिग्रह म्हणजे हाव धरून साठवून न ठेवणं, हे यम. शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान, हे नियम. चटई अंथरायच्या आधीची ही दहा कामं.

आता आपल्याकडे बघा. साडेबारा टक्क्यांचा भूखंड आला तेव्हा किती घरांत बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला बसवलं? आम्ही कुणाचं नाव घेत नाही. सहीच्या दिवशी साडी दिली, जेवायला गोडधोड केलं, आणि पुढे माहेरचं दार बंद. तिथे अस्तेय कुठे गेलं? अपरिग्रह कुठे गेला? असा भाऊ पहाटे तासभर आसनं करू दे, नाहीतर सात दिवस पारायणाला बसू दे, त्याची पहिलीच पायरी राहिली. हे बोललं की काही मंडळींना राग येतो. येऊ द्या. सप्ताहात नाही बोलायचं तर कुठे बोलायचं?

त्या दहांतला स्वाध्याय आम्हाला सगळ्यात जवळचा. व्यासांच्या भाष्यात त्याचा अर्थ दिलाय, ओंकाराचा जप किंवा मोक्षशास्त्राचं अध्ययन. आणि पतंजली सांगतात, स्वाध्यायाने इष्टदेवतेची भेट होते. आता ज्याला अक्षर येत नाही त्याने काय करायचं? ते माऊलींनी सांगितलं. ज्ञानेश्वरीच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचा विषय आहे. तिथे माऊली म्हणतात की वेद मुखात वसले तर ते तप आहेच, पण एखादं नाम, मग ते शिवाचं असो की विष्णूचं, वाचेवर वसलं तरी तेही वाणीचंच तप. शके १२१२ मध्ये नेवाशाला हे सांगितलं गेलं. तेव्हा वेदाला हात लावायची मुभा किती जणांना होती? आमच्या आईला सही येत नव्हती. हरिपाठ मात्र सगळा तोंडपाठ. माऊलींनी तिचा स्वाध्याय तेव्हाच हिशेबात धरून ठेवला होता.

वारकऱ्याला योग कळत नाही असं कुणी म्हणू नये. माऊलींची परंपरा नाथांची, गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि निवृत्तिनाथांकडून माऊलींना. सहाव्या अध्यायात मूळबंध, जालंधर, उड्डियान, कुंडलिनी, सगळं खुलासेवार आहे. आणि तेच माऊली बाराव्यात सांगतात की ही वाट फार कष्टाची आहे, भक्ताला तो त्रास नाही. वाट ठाऊक असलेल्या माणसाने सांगितलेलं आहे हे. (प्राणायाम मोबाइलवर बघून कुणी करू नका, शिकवणारा समोर लागतो.)

पण नुसतं तोंडाने म्हटलं म्हणजे स्वाध्याय पुरा झाला का? जुन्या मंडळींना खारातली शेतं आठवत असतील. खाडीच्या बाजूला मातीचा बांध, त्याला उघाडी. उधाणाची भरती असली की घरातला म्हातारा रात्री कंदील घेऊन बांधावरून फिरायचा. चिंबोरीचं एक बीळ नजरेतून सुटलं तरी त्यातून खारं पाणी आत येतं, बीळ मोठं होतं, बांध फुटतो. पुढं शेत वर्ष-दोन वर्षं धड पिकत नाही. म्हातारा शेजाऱ्याच्या बांधाकडे कंदील करत नव्हता, आपल्या पायाखाली बघत चालायचा. आम्ही त्या पोराला म्हटलं, सकाळी तू अंग बघतोस, छान आहे. संध्याकाळी हरिपाठाला ये आणि बांध बघ. दिवसभरात कुठून खारं पाणी शिरलं? कुणाला खोटं बोललो, कुणाचं घेतलं, कुणावर जळलो? टाळाच्या ठेक्यात मन जरा खाली बसतं, तेव्हा ही बिळं दिसतात.

कार्तिकात आपण आळंदीला चालत जातो. आषाढात आपली लावणी, म्हणून वाडवडिलांनी कापणीनंतरची ही वारी धरली. खोपोलीचा घाट चढून लोणावळ्याला आलो की तिथे कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी ते १९२४ साली काढलं, म्हणजे ते आणि आपली दिंडी जवळपास एका वयाची. आसन-प्राणायामाने शरीरात काय होतं हे स्वामींनी यंत्रं लावून, एक्स-रे काढून तपासलं, 'योगमीमांसा' नावाचं नियतकालिक सुरू केलं. पण नाव काय ठेवलं? कैवल्य. पतंजलींच्या शेवटच्या पादाचं नाव तेच. तपासत होते शरीर, नाव ठेवलं मुक्कामाचं.

म्हणून यंदा लोणावळ्याच्या मुक्कामी हरिपाठ झाल्यावर सहावा अध्याय उघडायचं ठरवलंय. एकाने ओवी वाचायची, सगळ्यांनी दोनदा म्हणायची, मग पोथी मिटून घटकाभर गप्प बसायचं. योगा करणाऱ्या पोरांनी पुढे बसावं, बंध म्हणजे काय ते त्यांनी आम्हाला समजावून सांगावं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या मागवल्यात. चष्मे मात्र ज्याचे त्याने आणा.

रामकृष्ण हरी.