विहिरीपासून वल्ह्यापर्यंत

हैदराबादेत आबिड्सहून टँकबंड फार लांब नाही. तिथल्या हुसेनसागरावर 2002 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत रोइंगच्या शर्यती झाल्या होत्या. एकेरी शर्यतीची बोट जेमतेम 14 किलोंची, आठ मीटर लांब, आणि वल्हवणारा बसतो तोही पाठमोरा! मोठेपणी अशी बोट वल्हवायला शिकणं जमतं का?

नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळला विचारा. विहिरी खणणारा हा तरुण 2012 मध्ये सैन्यात गेला आणि विशी ओलांडल्यावर वल्हं हाती धरलं. पाण्याची भीती होतीच. चार वर्षांनी रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरीत तेरावा आला. 2018 च्या आशियाई स्पर्धांत चौघांच्या बोटीत सुवर्णपदक.

प्रत्येकाला काही ऑलिंपिक गाठायचं नसतं म्हणा.

नवशिका हमखास हातांनी ओढत सुटतो आणि दहा मिनिटांत खांदे भरून येतात. खरं बळ पायांचं. बैठक रुळांवर सरकते. आधी पाय रेटायचे, मग पाठ मागे, हात सगळ्यात शेवटी. परतताना हाच क्रम उलटा, आणि सावकाश. पातं तिरकं होऊन खोल गेलं, तर वल्ह्याची मूठ थेट पोटावर आदळते. म्हणून सुरुवात जमिनीवरच्या यंत्रावर किंवा रुंद, स्थिर बोटीत करावी.

आणि श्रोतेहो, आधी पोहायला शिका. बोट उलटलीच, तर तिला सोडून काठाकडे निघू नका. उलटी झाली तरी ती तरंगते.